जायफळाच्या भावकीतलं एक झाड

मुकुटबन आणि आजूबाजूच्या गावांतल्या बचत गटांचं काम पाहणाऱ्या आम्ही सगळ्या जणी आज तुमच्याशी बोलणार आहोत. कर्ज, हप्ते, बँक, गटाची वही हे विषय तर दर आठवड्याला असतातच. आज विषय झाडाचा आहे. झाड आपल्या भागातलं नाही. आपल्यापैकी कुणी ते पाहिलेलं असण्याची शक्यताही कमीच. पण त्याचा एक नातेवाईक तुमच्या घरात, मसाल्याच्या डब्यात नक्की बसलेला आहे. तिथूनच सुरुवात करू.

जायफळ. पुरण शिजलं की त्यावर थोडं किसून टाकतो ते. बासुंदीत, श्रीखंडात घालतो ते. लेकराचं पोट बिघडलं की सहाणेवर दोन वळसे उगाळून चाटवायचं, ही आपल्या सासू-आज्यांची रीत. (आशाताईंचं सांगणंही इथे लक्षात ठेवा. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीच नाही. आणि नंतरही जायफळ जपूनच, जास्त झालं की गुंगी येते.) इतकं ओळखीचं जायफळ, पण ते मूळचं कुठलं असं बैठकीत विचारलं, तर कुणी केरळ म्हणालं, कुणी कोकण. एकीने तर सरळ "यवतमाळच्या किराणा लाईनीतलं" असं सांगून सगळ्यांना हसवलं.

ते मूळचं इंडोनेशिया देशातल्या बांदा नावाच्या चिमुकल्या बेटांवरचं. बेट म्हणजे चारी बाजूंनी समुद्र आणि मधे थोडीशी जमीन. कित्येक शतकं जगातलं सगळं जायफळ त्या इवल्याशा बेटांवरूनच येत होतं. म्हणूनच त्याच्यासाठी रक्त सांडलं. १६२१ साली डच कंपनीच्या सैन्याने बांदावर हल्ला केला. तिथली हजारो माणसं मारली, उरलेल्यांतली कित्येक गुलाम केली, आणि जायफळाच्या बागा आपल्या ताब्यात घेतल्या. पुढे १६६७ च्या तहात त्यांतलं रून नावाचं एक छोटं बेट इंग्रजांनी डचांना सोडलं, आणि आज जिथे न्यूयॉर्क शहर उभं आहे ते मॅनहॅटन बेट इंग्रजांकडे राहिलं. एका मसाल्याच्या झाडाची किंमत एवढी होती.

मग त्या झाडाची रोपं चोरून, लपवून, जहाजांत भरून बाहेर गेली. फ्रेंचांनी मॉरिशसला नेली, इंग्रजांनी मलाया आणि श्रीलंकेकडे नेली. आज केरळात आणि आपल्या कोकणातही नारळी-सुपारीच्या बागेत जायफळ उभं आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्याच्या जाती काढल्या आहेत. म्हणजे बेटावरचं ते झाड बेट सोडून निघालं, माणसाच्या मागे मागे गेलं आणि तगलं.

आता त्याच्या भावकीकडे येऊ. जायफळाच्या कुळाला शास्त्रज्ञ मायरिस्टिकेसी म्हणतात. फुलं येणाऱ्या झाडांत हे कूळ फार जुनं. त्यातली काही झाडं आपल्या देशातच, सह्याद्रीच्या जंगलात, आपली आपण वाढतात. एक तुम्हाला माहीत आहे, फक्त तुम्ही तिला झाड म्हणून ओळखत नाही. वर्षाचा मसाला करताना सामानाच्या यादीत "रामपत्री" असते ना, ती. जायफळाच्या बीवर जशी लाल जाळी असते आणि वाळवून तिची जायपत्री होते, तशीच रामपत्री म्हणजे रानजायफळाच्या बीवरचं आवरण. जायफळ बागेत लावतात, रामपत्रीचं मात्र बरंचसं जंगलातूनच गोळा होतं. भाव चांगला मिळतो म्हणून फळ पिकायच्या आधीच तोडतात, कधी फांदीच छाटून खाली पाडतात. आपल्याकडच्या चारोळीचं काय झालं ते आठवा. दुसरा कुणी आधी नेईल या भीतीने कच्चीच चारं ओरबाडली, फांद्या मोडल्या, आणि आता चारोळीसाठी कुठवर चालत जावं लागतं ते तुम्हीच सांगा. रामपत्रीचीही गोष्ट त्याच वाटेने चालली आहे.

पण आज ज्या झाडासाठी एवढं बोलतो आहोत ते रामपत्रीही नाही. ते तिसरं भावंडं. त्याचं शास्त्रीय नाव मायरिस्टिका मॅग्निफिका. मॅग्निफिका म्हणजे भव्य. झाड उंच, सरळ, पान हातभर लांब. खोडाला कोयता लागला की लालभडक चीक येतो, अगदी रक्तासारखा. ही त्या सगळ्या कुळाचीच खूण आहे. झाड सदाहरित, म्हणजे बारा महिने हिरवं. आपल्याकडे होळी आली की सागवानाचं जंगल उघडं पडतं, दुरूनही जमीन दिसते. तिथे तसं होत नाही. पानं गळतात, पण एकदम नाही, थोडी गळतात आणि थोडी येतात. खाली कायम सावली.

या झाडाचं खरं वेगळेपण मात्र मुळांत आहे. ते दलदलीत उभं राहतं. जंगलात दोन डोंगरांच्या मधे, सखल जागी एखादा ओढा अगदी हळू वाहत असतो, त्याचं पाणी पसरून बारा महिने चिखल राहतो, तिथे.

कपाशीच्या वावरात आठ दिवस पाणी साचलं तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. झाड पिवळं पडतं, माना टाकतं. पाणी जास्त झालं म्हणून आपण म्हणतो, पण कपाशी पाण्याने मरत नाही, गुदमरून मरते. मातीच्या कणांमधली हवा पाण्याने बाहेर काढली, मुळांना श्वास घेता येत नाही. मग बारा महिने चिखलात उभं असलेलं झाड कसं जगतं? त्याने मुळं वर काढली. खोडाच्या बुंध्यापासून काठ्यांसारखी मुळं फुटतात आणि तिरपी होऊन चिखलात उतरतात. मांडवाला टेकू द्यावेत तशी. त्यांनी झाडाला आधार मिळतो आणि हवाही मिळते. याच दलदलीत याच कुळातलं आणखी एक झाड असतं, त्याची मुळं चिखलातून वर येऊन पुन्हा खाली वाकतात. माणूस गुडघे वर करून बसला की दिसेल तशी. अशा शेकडो गुडघ्यांनी ती जमीन भरलेली असते. चित्र पाहिलं तेव्हा आमच्यातल्या एकीला ती गर्दीच्या एसटी स्टँडवर उकिडव्या बसलेल्या बायांसारखी वाटली.

या दलदली म्हणजे जमिनीवरची बेटंच. चारी बाजूंनी समुद्र नाही, पण चारी बाजूंनी कोरडी जमीन आहे, आणि त्या झाडाला कोरडी जमीन समुद्राइतकीच परकी. एका दलदलीतून दुसऱ्या दलदलीत जायला मधे रस्ता नाही.

अशी बेटं उरली किती? केरळात १९६० च्या सुमारास या दलदलींची पहिल्यांदा शास्त्रीय नोंद झाली. आज तिथल्या साऱ्या दलदली एकत्र जोडल्या तरी दोन चौरस किलोमीटर होत नाहीत. म्हणजे पाचशे एकराच्या आत, आणि तेही तुकड्या-तुकड्यांनी, अख्ख्या राज्यात मिळून. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात काही तुकडे आहेत. गोव्यात सत्तरी तालुक्यात निरंकाराची राई म्हणून एक आहे. आणि महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्यात, दोडामार्ग तालुक्यात, हेवाळे-बांबर्डे इथे एक. गावाने देवराई म्हणून राखलेली ही जागा. तिला कानळाची राई म्हणतात. गावच्या लोकांना ती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. शास्त्राच्या पुस्तकात तिची नोंद मात्र गेल्या दहाएक वर्षांतली. या प्रकारच्या माहीत असलेल्या दलदलींत ती सगळ्यात उत्तरेकडची. तिथे हे मॅग्निफिका झाड आहे, आणि जगातल्या संकटात असलेल्या झाडांच्या लाल यादीत त्याचं नाव आहे.

२०२१ साली राज्य सरकारने या जागेला जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केलं. क्षेत्र २.५९ हेक्टर. म्हणजे साडेसहा एकरसुद्धा पुरतं नाही. तुमच्यापैकी कित्येकींच्या घरची कपाशी याहून जास्त आहे.

आमच्यापैकी कुणी तिथवर गेलेलं नाही. आपण राज्याच्या एका टोकाला, तेलंगणाच्या सीमेवर, ते दुसऱ्या टोकाला, गोव्याच्या सीमेवर. तिथे पाऊस आपल्या तिपटीहून जास्त. पण माहिती गोळा करताना कर्नाटकातल्या दलदलीत असं एक नाव भेटलं की ते वाचून आम्ही थांबलोच. आपला बिब्बा! सिद्धापूर तालुक्यात कत्तलेकान नावाचं जंगल आहे. कन्नड भाषेत कत्तले म्हणजे अंधार आणि कान म्हणजे दाट जंगल. तिथल्या दलदलीत बिब्ब्याच्या कुळातलं एक वेगळंच झाड सापडलं आणि २००० साली त्याला नाव मिळालं, सेमेकार्पस कत्तलेकानेन्सिस. आपण ज्याची फुलं-फळं वेचतो, ज्याचं तेल अंगावर उतलं की आठ-आठ दिवस आग होते, ज्याची गोडंबी डिंकाच्या लाडवात घालतो, त्या बिब्ब्याचा हा चुलतभाऊ. आपला बिब्बा मुरमाड, खडकाळ रानात निघतो, हा चुलतभाऊ पाण्यात पाय सोडून बसलेला. जगात त्याची झाडं इतकी थोडी की अभ्यासकांनी एक-एक करून मोजली. तो तर अतिसंकटग्रस्त आहे.

यावर बैठकीत लगेच प्रश्न आला, आणि तो यायलाच हवा होता. एवढं दुर्मिळ आहे तर रोपवाटिका करून रोपं का नाही लावत? आपल्या गटांनी रोपवाटिकेचं काम केलं आहे, पिशव्या भरल्या आहेत, सीताफळ, शेवगा, बांबू केला आहे. मग हे का नाही होणार? जायफळ जगभर गेलंच की.

या प्रश्नातच सगळी गोष्ट आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

एक तर बी. ज्वारीचं, तुरीचं बी आपण राख लावून वर्षभर ठेवतो. निंबोळीचं तसं होत नाही, थोड्या आठवड्यांत तिचा कस जातो. या झाडाचं बी त्याहून नाजूक. टपोरं, रसरशीत असतं. सुकलं की मेलं. ते पडायचं ओल्या पाचोळ्यात आणि लगेच रुजायचं. डब्यात भरून, पोस्टाने पाठवून, पुढच्या मृगात पेरू म्हटलं तर उगवणार नाही.

दुसरं, या झाडात नर वेगळा आणि मादी वेगळी. जायफळातही हेच आहे. बाग लावणारा शेतकरी पाच-सात वर्षं रोप सांभाळतो आणि फुलं आल्यावर कळतं की निम्मी झाडं नर निघाली. म्हणून तर दापोलीने कोकण सुगंधा नावाची, एकाच झाडावर दोन्ही फुलं येणारी जात काढली. जंगलातल्या झाडासाठी अशी सोय कोण करणार? साडेसहा एकरांत थोडी झाडं, त्यात काही नर, काही माद्या. त्यांतली दोन-चार माद्या वादळात पडल्या तर किती बी कमी झालं ते मांडा.

तिसरं, बी पसरवणारा. बीवरचं लाल आवरण पक्ष्यांना आवडतं. धनेश पक्षी ते बी गिळतो, दूर उडून जातो आणि बी टाकतो. आपल्याकडे राखी रंगाचा लहान धनेश दिसतो, तिकडचा मोठा धनेश त्याच्या कितीतरी पट. या पक्ष्याची मादी अंडी घालायला मोठ्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते. फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. पिलं वाढेपर्यंत महिनोन्‌महिने ती आतच. नर तिला बाहेरून फळं भरवतो. (हे सांगितल्यावर बैठकीत नवऱ्यांबद्दल जे बोललं गेलं ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही.) आता ढोली पाहिजे तर म्हातारं, जाड खोडाचं झाड पाहिजे. म्हाताऱ्या झाडाला लाकूड म्हणून किंमत नाही, आड येतं, म्हणून तेच आधी तोडतात. म्हातारं झाड गेलं की ढोली गेली, ढोली गेली की धनेश गेला, आणि धनेश गेला की या झाडाचं बी जिथल्या तिथे कुजतं.

आणि सगळ्यात मोठं, पाणी. रोप पिशवीत वाढेल, सावलीत उभं राहील, पण लावायचं कुठे? त्याला बारा महिने हळू वाहणारं, न आटणारं, न उसळणारं पाणी हवं. तशी जागा माणसाला तयार करता येत नाही. डोंगरावरचं जंगल पावसाळ्यात पाणी पितं आणि उन्हाळ्यात थेंब-थेंब सोडतं, तेव्हा खाली ती जागा तयार होते. जायफळ माणसाबरोबर जाऊ शकलं कारण त्याला बागेतली निचऱ्याची जमीन चालते. या भावंडाचं पोट ओढ्याला बांधलेलं आहे. सिरसीच्या वनशास्त्र महाविद्यालयातल्या अभ्यासकांनी कत्तलेकानच्या त्या बिब्ब्याची रोपं करून पाहिली आणि ती लावलीही, पण लावली ती दलदलीतच. दलदल होती म्हणून लावता आली.

म्हणून या झाडाचं नुकसान कुऱ्हाडीने झालं त्यापेक्षा जास्त पाणी वळवल्याने झालं. विचार करा, जंगलात सपाट, काळी, बारा महिने ओली जागा म्हणजे शेतीसाठी सोन्यासारखी. केरळात आणि कर्नाटकात जुन्या काळापासून अशा जागा भातशेतीखाली आणि सुपारीच्या बागांखाली गेल्या. ज्यांनी केलं ती आपल्यासारखीच माणसं, पोटासाठीच केलं. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. कुठे ओढ्याचं पाणी पाट काढून बागेकडे नेलं, कुठे मोठ्या धरणाच्या पाण्याखाली खोरंच गेलं. पाट काढला तेव्हा एकही झाड तोडलं नव्हतं. तरी दहा-वीस वर्षांत चिखल कोरडा झाला, मोठी झाडं उभी राहिली पण नवं रोप येईना. हे मरण दिसत नाही. वरून पाहणाऱ्याला जंगल हिरवंच दिसतं.

दोडामार्गात आजची काळजी वेगळी आहे. गेल्या काही वर्षांत तिथल्या डोंगरउतारावरची जंगलं काढून रबर लावलं गेलं, काजू आणि अननसही. खाजगी जंगलाची जमीन बाहेरच्या लोकांनी विकत घेतली. सावंतवाडी-दोडामार्ग पट्टा वन्यप्राण्यांच्या येण्याजाण्याचा मार्ग आहे, म्हणून लोक उच्च न्यायालयात गेले आणि २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिथल्या वृक्षतोडीला मनाई केली. मनाई असूनही तोड होते अशा तक्रारी तिथून येतच राहिल्या.

इथे आमचं मत सांगतो, पटलं तर घ्या. वारसा स्थळाचा दर्जा मिळाला ही चांगलीच गोष्ट. आपल्या विदर्भातल्या गडचिरोलीत आलापल्लीच्या जुन्या जंगलाला २०१४ मध्ये असा दर्जा मिळाला, तो राज्यातला पहिला. पण हेवाळे-बांबर्ड्याचा दर्जा २.५९ हेक्टरला आहे, आणि त्या २.५९ हेक्टरचं पाणी वरच्या डोंगरावरून येतं. वर जंगलाऐवजी दुसरं काही उभं राहिलं, कुणी मोटार लावली, ओढ्याला पाइप जोडला, तर खालचा फलक तसाच राहील आणि चिखल सुकेल. आपल्या विहिरीला कठडा बांधला म्हणून विहिरीत पाणी येत नाही, ते वरच्या बाजूने येतं. हे आपल्याला शाळेत न जाताही कळतं.

त्या जागेला आजवर कुणी वाचवलं? देवाच्या धाकाने आणि गावाच्या नियमाने. देवराईतलं लाकूड घरी न्यायचं नाही, फांदी तोडायची नाही, काही ठिकाणी तर वहाणा घालून शिरायचं नाही. अंधश्रद्धा म्हणून हसणारेही आहेत. आम्हाला त्यात कुणाच्या श्रद्धेची परीक्षा घ्यायची नाही. एवढंच दिसतं की गावाने एकदा ठरवलेला नियम शे-दोनशे वर्षं टिकला, आणि त्याला पगारी राखणदार लागला नाही. आपल्याकडेही कोलाम आणि गोंड पोडांवर, गावांच्या शिवेवर देवाची झाडं आहेत, देवाच्या जागा आहेत. त्यांची फांदी आजही कुणी सरपणाला आणत नाही.

मग आपल्या भागात अशी दलदल आहे का? नाही. आपलं रान उन्हाळ्यात सुकणारं, सागवान, ऐन, मोह, तेंदू, धावडा यांचं. पण नाल्याच्या काठाने चालत जा. सारं रान वाळलेलं असताना तिथे हिरवी रेघ दिसते. अर्जुन, जांभूळ, करंज, उंबर. अर्जुनाची मुळं पाण्याच्या धारेला धरून असतात, काठ सांभाळतात. या रेघेवरच एप्रिल-मे मध्ये पाखरं, माकडं, गुरं जगतात, आणि तेंदूपत्त्याला गेलेली बाई घटकाभर सावलीला बसते ती तिथेच. हीच आपली बेटं.

आणि ती जातात कशी? जंगल तोडून नाही. नाला खोलीकरणाला जेसीबी येतो. विहिरींना पाणी वाढतं हे खरं, खोलीकरण नको असं आम्ही म्हणत नाही, आपणच ग्रामसभेत मागणी केली आहे. पण मशीन नाल्यात उतरायला वाट लागते, आणि त्या वाटेत जी झाडं येतात ती एका दिवसात उपटून बाजूला पडतात. पन्नास वर्षांचा अर्जुन पुन्हा उभा राहायला पन्नास वर्षं लागतात. शिवाय अर्जुनाची साल औषधाला विकली जाते. एका बाजूची थोडी साल काढली तर झाड जगतं, पण खोडाला सगळीकडून वेढून सोलली की वाळतं. आपल्या भागात जमिनीखाली कोळसा आणि चुनखडी आहे, त्यामुळे जमिनीचे व्यवहार पुढेही होत राहतील. त्या वेळी आपल्या गावात काय होतं ते कागदावर लिहिलेलं असलेलं बरं.

तो कागद कोणता, ते नीट ऐका. २००२ चा जैवविविधता कायदा आहे. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. २००४ च्या नियमांनी तिच्यात किमान एक तृतीयांश सदस्य महिला ठेवायला सांगितलं. समितीचं मुख्य काम म्हणजे लोक जैवविविधता नोंदवही. गावात कोणती झाडं, कोणती वेल, कोणती पाखरं, कोणती औषधी, कोणत्या जुन्या वाणाचं बियाणं, आणि ते कोणाला माहीत आहे, हे सगळं त्यात लिहायचं. हेवाळे-बांबर्ड्याला मिळालेला वारसा स्थळाचा दर्जा याच कायद्याखालचा आहे. म्हणजे ज्या कायद्याने तिथलं रानजायफळ राखलं जातं, तोच कायदा तुमच्या ग्रामपंचायतीच्या कपाटातही आहे.

नोंदवह्या पुष्कळ ठिकाणी २०२० च्या आसपास झाल्या, कारण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मुदत घातली होती. मुदतीतलं काम कसं होतं ते आपण जाणतो. एका गावाची नोंदवही दुसऱ्या गावाच्या नोंदवहीसारखीच दिसली तर नवल वाटून घेऊ नका. नोंदवहीत नंतरही भर घालता येते. त्यासाठी ग्रामपंचायतीत जाऊन आधी ती पाहायला मागा. समितीवर आपल्या गावातल्या कोणत्या बायांची नावं आहेत तेही विचारा. कधी कधी त्या बाईलाच ते ठाऊक नसतं.

भर काय घालायची? झाडांची लांबलचक यादी नको. आधी जागा लिहा. अखजीपर्यंत ओल टिकते अशी जागा कोणती, कोणत्या नाल्यावर, कोणाच्या शेताला लागून. तिथे उभी असलेली मोठी झाडं किती, ढोली असलेली किती. पाणी वरून कुठून येतं. पूर्वी ओली होती आणि आता सुकली अशी जागा असेल तर तीही, आणि साधारण कधीपासून ते. हे सगळं म्हाताऱ्या बायांना विचारल्याशिवाय कळणार नाही, कारण गुरं पाण्यावर नेणाऱ्या आणि कांद्या-मुळ्या खणायला जाणाऱ्या त्याच होत्या. झाडाचं नाव मराठीत असेल तर मराठीत, कोलामीत किंवा गोंडीत असेल तर तेच लिहा. शास्त्रीय नाव शोधायला वनरक्षक, कृषी सहायक, कॉलेजातले शिक्षक आहेत, ते नंतर होईल.

पुढच्या महिन्याच्या ग्रामसंघाच्या बैठकीत प्रत्येक गटाने अशा निदान दोन जागा लिहून आणायच्या आहेत. वहीच्या शेवटच्या पानावर लिहिल्या तरी चालतील. ज्या गावात नाला खोलीकरणाचं काम मंजूर आहे तिथल्या गटांनी मात्र पुढच्या महिन्याची वाट पाहू नये. मशीन येण्याआधी सरपंच आणि ग्रामसेवक यांना सोबत घेऊन काठावरून एकदा चालून या, आणि जी झाडं ठेवायची आहेत त्यांना चुन्याचा पट्टा मारून घ्या.